‘दहावर दोन’ची स्कीम आणि सांगलीची हळद

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचं हळद, मिरची पूड आणि कांदा-लसूण मसाल्याचं छोटं युनिट आहे. आमची हळदीची २०० ग्रॅमची पुडी एमआरपी ७५ रुपये. दुकानदाराला ती ६३ ला पडते. सांगली-मिरज, विटा-कराड आणि जत अशा तीन लाइनवर ३४० दुकानांत माल जातो. दिवाळीनंतर एका मोठ्या कंपनीने ७८ ची पुडी ६८ ला आणली. दुकानदार कुरकुर करायला लागले, म्हणून आम्ही ‘दहावर दोन’ची स्कीम दिली, म्हणजे दहा पुड्या घेतल्या की दोन फुकट. महिन्याची उचल ३,००० पुड्यांवरून ४,००० वर गेली, पण हातात पैसाच राहत नाही. दर अजून उतरवावा का? मोठ्या कंपनीविरुद्ध कुठे तक्रार करता येते का? आमच्यासारखे चार मसालेवाले एकत्र येऊन एकच दर धरायचा विचार करत आहेत. मुलगा म्हणतो ऑनलाइन विका. काय करावं? – एक उत्पादक, कुपवाड

उत्तर : दर उतरवू नका. आणि ‘दहावर दोन’ या महिन्यात बंद करायच्या तयारीला लागा. कसं, ते पुढे येतंच. आधी तुम्ही पाठवलेल्या खर्चाच्या कागदावरून एका पुडीचा हिशोब मांडू.

हळकुंड १६० रुपये किलोने घेतलं. निवडणं, पॉलिश, दळताना उडणारी पूड यांत पाच टक्के घट धरली तर २०० ग्रॅमला ३४ रुपये जातात. दळण २, छापील पाऊच अडीच, बॉक्स-टेप १, पॅकिंगची मजुरी दीड, टेम्पो ३. झाले ४४. शेडचं भाडं आणि बँकेचा हप्ता यात नाही. दुकानदार देतो त्या ६३ मधले ३ रुपये जीएसटीचे, म्हणजे तुमच्या हातात ६० येतात. पुडीमागे सुटतात १६.

आता ‘दहावर दोन’. दहाचे ६०० रुपये येतात आणि माल बाराचा जातो, त्याचा खर्च ५२८. बारा पुड्यांमागे राहिले ७२, पुडीमागे ६. आधी ३,००० पुड्यांवर ४८,००० सुटत होते, आता ४,००० पुड्यांवर २४,०००. विक्री तिसऱ्या हिश्श्याने वाढली आणि कमाई निम्मी झाली. पूर्वीइतकेच पैसे सुटायला महिन्याला ८,००० पुड्या खपायला हव्यात. ३४० दुकानांत ८,००० पुड्या खपत नाहीत, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

बरं, ते ४,००० तरी खपले आहेत का? ही दुकानदाराची उचल आहे, गिऱ्हाइकाचा खप नाही. वीस दुकानं निवडा, दहा मोठी आणि दहा किरकोळ. वहीत प्रत्येकाचं एक पान करा: मागच्या खेपेची शिल्लक, त्यात दिलेला माल, त्यातून आजची शिल्लक वजा. उरेल तो खप. शिल्लक दुकानदाराला विचारू नका, हात घालून मोजा. कट्ट्याखाली, वरच्या फळीवर, तेलाच्या डब्यांमागे. स्कीमचा माल तिथेच जाऊन बसतो. चार आठवडे हे केलंत तर आमचा अंदाज असा की दुकानामागे महिन्याचा खप पूर्वीइतकाच, नऊ पुड्यांच्या आसपास निघेल. वरच्या हजार पुड्या तुमच्या गोदामातून दुकानदाराच्या गोदामात गेल्या आहेत, एवढंच. मार्चमध्ये नवीन हळद मार्केट यार्डात येईल तेव्हा याच जुन्या तारखेच्या पुड्या ‘बदलून द्या’ म्हणून परत येतील.

आता कट्ट्याच्या पलीकडे उभे राहून बघा. मोठ्या कंपनीच्या पुडीवर दुकानदाराला समजा ८ च रुपये सुटतात, पण महिन्याला ३० पुड्या जातात आणि सेल्समन दर आठवड्याला येतो. त्यामुळे त्याला दहाच पुड्या ठेवाव्या लागतात. ६०० रुपये अडकले, महिन्याला २४० सुटले, शंभराला ४०. तुमच्या स्कीममध्ये त्याने दोन डझन घेतले. १,२६० रुपये अडकले. पुडी त्याला साडेबावन्नला पडली म्हणून साडेबावीस सुटतात खरे, पण नऊच पुड्या जातात, म्हणजे महिन्याला २०२, शंभराला १६. आता तिसरा प्रकार बघा. स्कीम काही नाही, सहाच पुड्या ठेवल्या, संपतील तशा भरल्या. ३७८ रुपये अडकले, नऊ पुड्यांवर १०८ सुटले. शंभराला जवळजवळ २९. स्कीमशिवाय दुकानदाराचा पैसा जास्त फिरतो. हा हिशोब पाठ करून जा आणि त्याच्याच वहीवर मांडून दाखवा. किराणा दुकानदाराला भाषण आवडत नाही, पण शंभराला किती सुटले हे त्याला लगेच कळतं.

अर्थात सहा-सहा पुड्या टाकत फिरायचं तर टेम्पो परवडायला हवा, आणि इथे तुमची खरी गळती आहे. सांगली-मिरज लाइनला दिवसाचा खर्च १,२०० धरा. चाळीस दुकानांत दहा-दहा पुड्या उतरल्या तर पुडीला ३ रुपये पडतात. नुसत्या हळदीच्या दहा उतरणार नाहीत. सहा हळद, दोन मिरची, दोन कांदा-लसूण अशा मिळून उतरतील. जतला मात्र अख्खा दिवस जातो, डिझेल आणि जेवण धरून १,८०० होतात आणि तुमच्या यादीत तिकडे चौदाच दुकानं आहेत. प्रत्येकी डझनभर धरले तरी पुडीला पावणेअकरा रुपये वाहतूक. स्कीममध्ये वाहतुकीआधी तुम्हाला सुटतात ९. म्हणजे जतच्या दुकानात तुम्ही पुडी ठेवता आणि वर पावणेदोन रुपयेही ठेवून येता.

जत बंद करा. विटा-कराडला एकच चांगला होलसेलर मिळत असेल तर त्याला रोखीने माल द्या, नाहीतर तेही वर्षभर थांबवा. वाचलेले दिवस गणपती पेठ, विश्रामबाग, माधवनगर, बुधगाव, कुपवाड आणि मिरजेच्या लक्ष्मी मार्केटच्या आजूबाजूला घाला. आज तिकडे प्रत्येक गल्लीत एखादं दुकान असेल, ती चार करायची. एकाच वाडीत चार दुकानांत तीच पुडी दिसायला लागली की बायका नाव घेऊन मागतात. तीन तालुक्यांत विखुरलेल्या शंभर दुकानांनी ते होत नाही.

स्कीम एका रात्रीत बंद करू नका. पहिले पंधरा दिवस नवा माल टाकायचा नाही, फक्त शिल्लक मोजायची आणि सहा महिन्यांहून जुन्या तारखेच्या पुड्या स्वतःहून उचलायच्या. त्याने खिशाला चाट बसते, पण पावसाळ्यात गाठी झालेली पुडी एका गिऱ्हाइकाच्या हातात पडली तर त्याहून महाग पडते. मग सहा पुड्यांची खेप सुरू करा, दर पंधरवड्याला ठरलेल्या वारी, आणि बिल टू बिल: मागचे पैसे मिळाले की पुढचा माल. काही दुकानदार ‘मग तुमचा माल नको’ म्हणतील. तुमच्या वहीत ज्यांचा खप महिन्याला चारच्या खाली आहे, तेच बहुतेक असतील. त्यांना जाऊ द्या.

मोठ्या कंपनीच्या ६८ रुपयांबद्दल. अशी ऑफर पाऊचवर छापलेली असते. छापलेला माल संपला की ती संपते. दर आठवड्याला त्यांच्या पुडीवरची पॅकिंगची तारीख आणि बॅच बघत जा. दोन महिन्यांत नवी बॅच आली नाही, तर ऑफर आटोपत आली असं समजा. चार महिन्यांच्या ऑफरला तुम्ही कायमची दरकपात देऊन बसलात, तर नंतर दर चढवताना त्याच दुकानदाराशी पुन्हा भांडण. निरमाचं उदाहरण तुमच्या पत्रात आहे, ‘स्वस्तात विकूनच त्यांनी सर्फला घाम फोडला’ असं. घाम फोडला हे खरं, आणि सर्फवाल्या हिंदुस्थान लिव्हरला उत्तर म्हणून व्हील पावडर आणावी लागली हेही खरं. पण निरमाची पावडरच वेगळी होती, बनवायची पद्धत स्वस्त होती, सुरुवातीला सेल्समनची फौज नव्हती. त्यांचा खर्चच कमी होता म्हणून दर कमी होता. तुम्ही आणि मोठी कंपनी दोघंही तेच हळकुंड सौद्यात घेता, आणि ती गाडीने घेते तिथे तुम्ही पोत्याने. खर्चात तुम्ही तिच्या खाली जाणार नाही.

पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी ६८ च्या पुडीसमोर वेगळी वस्तू ठेवा: १० रुपयांची २५ ग्रॅमची पुडी, लडीत टांगलेली. पाऊचसकट ६ रुपये खर्च येतो, दुकानदाराला ८.४० ला द्या, जीएसटी जाऊन तुम्हाला २ सुटतात. किलोमागे ८० झाले, म्हणजे स्कीमशिवायच्या मोठ्या पुडीइतकेच. लड कट्ट्यावर पैसे देतात तिथेच लटकली पाहिजे. आत फळीवर गेली तर दिसतच नाही. एमआरपीबरोबर प्रति ग्रॅम दर छापायला विसरू नका, पॅकबंद मालावर तो लागतो. २०० ग्रॅमच्या पुडीवर ०.३८ आणि छोटीवर ०.४० येईल. गिऱ्हाईक हल्ली तो वाचतं, आणि वजनमापवालेही.

पाऊच बदलायला झालाय. तुम्ही पाठवलेल्या फोटोत समोरून अर्धा पाऊच पारदर्शक आहे. हळदीचा रंग उजेडाने उडतो. दारात, उन्हाच्या तिरपेत टांगलेली पुडी महिन्या-दोन महिन्यांत फिकी पडते आणि गिऱ्हाईक म्हणतं, यांची हळद जुनी दिसते. समोरून पूर्ण बंद, मेटलाइज्ड पाऊच घ्या. रंग दाखवायचाच असेल तर मागच्या बाजूला बोटभर खिडकी पुरे.

आता जे तुमच्या पत्रात कुठेच नाही ते. सांगली-साताऱ्यात मोठ्या कंपनीपेक्षा तुमचा मोठा प्रतिस्पर्धी घरची हळद आहे. मार्च ते मे, उन्हाळी कामांत, वर्षाची चटणी करायला मिरची घेऊन बाई कांडपावर जाते तेव्हा हळकुंडंही दळून आणते, घरटी दोन-अडीच किलो. दुकानातली पुडी ती नंतर घेते, घरची संपल्यावर किंवा लग्नकार्यात कमी पडल्यावर. म्हणजे वर्षाच्या हळदीचा मोठा वाटा तीन महिन्यांत, किराणा दुकानाबाहेर विकला जातो आणि तिथे तुम्ही नाहीच. फेब्रुवारीत तुमच्या लाइनवरच्या सगळ्या मिरची कांडपवाल्यांची, म्हणजे डंकवाल्यांची, यादी करा. किलोची पिशवी २७५ ला, डंकवाल्याला त्यातले २५. खर्च किलोला १९० धरला तर जीएसटी जाऊन तुम्हाला ४५ च्या आसपास सुटतात, रोख, आणि परत काही येत नाही. मे महिन्यात डंकावर दुपारी बाया दोन-दोन तास नंबर लावून बसलेल्या असतात. एवढा वेळ ऐकून घेणारं गिऱ्हाईक तुम्हाला कुठल्याच जाहिरातीत मिळायचं नाही.

तिथे एक काचेचा ग्लास, पाणी आणि तुमची हळद ठेवा. चमचाभर पूड पाण्यात सोडली की चांगली हळद खाली बसताना पाणी फिकं पिवळं करते. रंग घातलेली पूड पाणी लगेच गडद करते. कुणाच्या मालाचं नाव घेऊ नका, नाव घेतलं की कोर्टकचेरी. तुमचा रिपोर्ट लावा: एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून बॅचची तपासणी. मापदंडाप्रमाणे पुडीत ओलावा १० टक्क्यांच्या आत, कर्क्युमिनॉइड (हळदीला रंग देणारे घटक) किमान २ टक्के, आणि लेड क्रोमेट अजिबात नको. हे शेवटचं पिवळंधमक दिसावं म्हणून घालतात आणि त्यातलं शिसं पोटात जातं. डंकावरच्या आईला हे एका वाक्यात कळतं. पाऊचवर क्यूआर छापून बॅचचा रिपोर्ट उघडत असेल तर उत्तम, पण दर बॅचला रिपोर्ट बदलायची शिस्त नसेल तर छापूच नका. मागच्या वर्षीचा रिपोर्ट उघडला तर असलेला विश्वासही जातो.

‘सांगलीची हळद’ असं पाऊचवर मोठ्या अक्षरात घ्यायचा तुमचा बेत आहे. सांगली हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आहे. ते नाव रीतसर लावायचं तर चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. आणि खरेदीच्या पावत्या सांभाळा. सांगलीच्या यार्डात कर्नाटकातलीही हळद येते. यार्डात सौदा झाला म्हणून ती सांगलीची होत नाही. कमी पडली म्हणून निजामाबादची मिसळली, तर त्या बॅचच्या पाऊचवर ते नाव नको. दोन प्रकारचे पाऊच ठेवायला लागतील, ठेवा. तुमच्या ब्रँडचा ट्रेडमार्क केला आहे का, हे पत्रात नाही. मसाल्यांचा वर्ग ३० आहे, आणि उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी असेल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ९,००० ऐवजी ४,५०० पडते. पाऊच बदलायच्या आधी अर्ज टाका, नंतर नाही.

तक्रारीचं. स्पर्धा कायदा २००२ मध्ये खर्चाच्या खाली विकून दुसऱ्याला संपवणं बेकायदा धरतात, पण बाजारात वर्चस्व असलेल्याने केलं तरच. हळदीत इतके ब्रँड आणि सुटा माल आहे की एका कंपनीचं वर्चस्व सिद्ध करणं अवघड, आणि ६८ रुपये हा त्यांच्या खर्चाखालचा दर नाही हे वरच्या हिशोबावरूनच दिसतं. वकिलाची फी वाचवा. उलट तुम्ही चौघांनी बसून ‘७५ च्या खाली कुणी जायचं नाही’ ठरवलंत, तर त्याच कायद्याखाली ते कार्टेल, म्हणजे संगनमताने दर बांधणं, होतं. चार छोटे असलात तरी. व्हॉट्सॲप ग्रुपवर दराबद्दल काही लिहिलं असेल तर ते आजच थांबवा. पाऊच एकत्र छापून घ्या, हळकुंड एकत्र खरेदी करा, तपासणी एकत्र करा. त्यात पैसे वाचतात. पण विक्रीचा दर ज्याचा त्याने ठरवायचा.

ऑनलाइनच्या बाबतीत मुलाचं अर्धं बरोबर आहे. पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्याकडच्या लोकांना गावाकडचा कांदा-लसूण मसाला हवा असतो, हळदही. पण २०० ग्रॅमची पुडी ऑनलाइन विकू नका. कुरिअरचा पहिला टप्पा साधारण ५०० ग्रॅमचा असतो, कमिशन वेगळं, आणि परत आलेल्या पार्सलचा खर्च तुमच्याच बोकांडी. किलो हळद आणि अर्धा किलो कांदा-लसूण अशी जोडीच ठेवा. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये (छोट्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर राज्याबाहेर माल देता येत नाही. ऑनलाइन पोर्टलवर विकायची बंदी ऑक्टोबर २०२३ पासून उठली आहे, पण तीही राज्यातल्या राज्यातच. सीएला आधी विचारा.

ऑनलाइनचा दर दुकानापेक्षा खाली ठेवायचा मोह होईल. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या वितरकांनी मोठ्या कंपन्यांचा काही माल उचलायचा थांबवला होता. जिओमार्ट, उडान यांच्यासारख्या ऑनलाइन घाऊक विक्रेत्यांना आपल्यापेक्षा स्वस्तात माल मिळतो, ही त्यांची तक्रार होती. एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही त्याची दखल घ्यावी लागली. तुमचा दुकानदार बोलणी करणार नाही. मोबाइलवर ६५ चा आकडा दाखवेल आणि तुमच्या पुड्या खालच्या फळीवर ढकलेल. सुपरमार्केटवाल्यालाही तीच गोष्ट: किराण्यापेक्षा दोन-तीन टक्के जास्त सोडा, पण ते बिलात, एमआरपीच्या खाली शेल्फवर दिसेल असं नाही. त्याने ६० दिवसांची उधारी मागितली तर सांगा की सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे. करार लेखीच करा, आणि बिलावर उद्यम क्रमांक छापा.

राहिला भंडाऱ्याचा, म्हणजे देवावर उधळायच्या हळदीच्या पुडीचा विषय. पालीच्या आणि आरेवाडीच्या यात्रेसाठी पोत्याने स्वस्त माल मागणारे तुमच्याकडे येतात असं लिहिलंय. द्यायचा तर साध्या पोत्यात, ब्रँडच्या पाऊचमध्ये किंवा छापील बॉक्समध्ये अजिबात नाही, आणि खायच्या हळदीच्या चक्कीवरही नाही.

पहिल्या महिन्यात एवढंच करा: वीस दुकानांची वही, जतची लाइन बंद, आणि कांडपवाल्यांची यादी. वहीत खप नऊच्या ऐवजी तेरा-चौदा निघाला, तर आमचा वरचा अंदाज चुकला असं समजा आणि वहीची पानं पाठवा. मग स्कीम बंद न करता ‘दहावर एक’ किती दुकानांना परवडते, ते बघावं लागेल.